शंभर रुपयांतले आठ आणे

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत दोन भावांच्या दोन फाउंड्र्या होत्या. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, कुपोला भट्टीपासून धंदा उभा केला आणि हयातीतच वाटण्या करून दिल्या. दोघांकडे ट्रॅक्टरचे भाग ओतले जात, दोघांचा माल जर्मनीला जाई. उलाढाल प्रत्येकी 400 कोटींच्या थोडी वर, नफा 20 कोटींच्या घरात.

थोरल्याचं गाऱ्हाणं कायमचं. "आबा, ओतकामात आपण कुणाला हार जात नाही. पण कंपनी कर चीनमध्ये 25 टक्के, व्हिएतनाममध्ये 20, आणि आपण अधिभार-उपकर धरून 35 भरायचा. पायात बेडी घालून शर्यत कशी जिंकायची?"

गाऱ्हाणं खोटं नव्हतं. 20 सप्टेंबर 2019 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत घोषणा केली: इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना कर 22 टक्के, सगळं धरून 25 च्या आसपास. दोघा भावांनी हाच मार्ग घेतला. दोघांचेही वर्षाला जवळजवळ 2 कोटी वाचू लागले.

थोरल्याने ते पैसे भावात सोडले. जर्मन गिऱ्हाइकाने आभार मानले आणि पुढच्या वर्षी दर आणखी उतरवायला सांगितलं.

धाकट्याने दराला हात लावला नाही. त्याने साच्यांची वाळू तयार करणारा जुना सँड प्लांट बदलला, कोअर शॉप सुधारलं, वाळूतली ओल पाळीत वरचेवर तपासायला पोरांना शिकवलं. त्याच्याकडे शंभरातली आठ कास्टिंग बाद होत. तिसऱ्या वर्षी तीनच होऊ लागली.

त्याच वर्षी एका नव्या भागाची मोठी ऑर्डर निघाली. थोरल्याचा दर कमी होता, तरी ऑर्डर धाकट्याला मिळाली. थोरला तडक आबांकडे आला. धाकटाही तिथेच होता.

"कर सारखा, गाव सारखं, वीजदर सारखा. वर माझा दर कमी. मग असं का?"

आबा म्हणाले, "400 कोटींच्या विक्रीत तू 2 कोटी सोडलेस. म्हणजे शंभर रुपयांत आठ आणे. तेवढ्यासाठी बाद मालाचा धोका कोण पत्करेल? तुझी शंभरातली आठ कास्टिंग अजून परत भट्टीतच जातात. लोखंड परत मिळतं रे. जळलेली वीज आणि फुकट गेलेली पाळी मिळत नाही. कर लागतो नफ्यावर. नफा व्हायच्या आधीच जे गळतं, ते कर उतरून कसं भरून येणार?"

"मग कर उतरला त्याचा उपयोगच नाही म्हणायचा?"

"आहे की. याला विचार."

धाकटा म्हणाला, "दादा, पूर्वी नव्या यंत्राने कमावलेल्या रुपयातले 65 पैसे हातात राहायचे, आता 75 राहतात. म्हणून तर सँड प्लांट घ्यायची छाती झाली. नाहीतर अजून काही वर्षं मीही जुन्यावरच ढकललं असतं."

पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाने दर उतरवायला सांगितल्यावर थोरल्याने नकार कळवला आणि वाचलेल्या करातून पहिली मागणी नोंदवली ती सँड प्लांटची.

तात्पर्य: कर उतरला की कारखानदाराच्या हाती भांडवल राहतं, ते कारखान्यात परत गेलं, तरच माल जगाच्या बाजारात टिकतो.