उंबरठ्यावरची दोरी

मागच्या दिवाळीत जऊळक्याला घरी होतो. जेवणं झाल्यावर आई आणि आजीला लॅपटॉपवर ‘मूलादे’ दाखवायला बसलो. सेनेगलच्या उस्मान सेम्बेनचा हा शेवटचा चित्रपट, २००४ चा. एका खेड्यात खतन्याच्या भीतीनं पळालेल्या चार मुली कोले नावाच्या बाईच्या घरी येतात. कोले दारात एक रंगीत दोरी बांधते. मूलादे म्हणजे आसरा. तिनं स्वतः तो शब्दानं संपवल्याशिवाय कुणी दोरी ओलांडायची नाही.

सबटायटल्स इंग्रजीत, त्यामुळे अनुवादक मीच. “पोरी कायले पळाल्या?” आईनं विचारलं. “असतो त्यांच्यात काहीतरी जुना विधी,” असं म्हणून मी पुढं सरकलो. ऐंशी ओलांडलेल्या सेम्बेननं ज्या गोष्टीवर अख्खा चित्रपट काढला, ती मला आईसमोर उच्चारता आली नाही.

आजीचं लक्ष दोरीवर होतं. “उंबरठ्याचा मान ठेवला त्यायनं,” ती म्हणाली. सिनेमाची किल्ली तिला माझ्याआधी सापडली. मूलादे ही खतन्याइतकीच जुनी रूढी. कोले परंपरेबाहेरून लढत नाही. एका रूढीसमोर दुसरी रूढी उभी करते. म्हणून गावातले पुरुष चिडतात, बायकांचे रेडिओ गोळा करून मशिदीसमोर जाळतात, पण दोरीपाशी त्यांचा पाय अडतो. कोलेचा नवरा तिला चारचौघांत फटके मारतो तेही ती दोरी तिनंच सोडावी म्हणून.

आपल्याकडे गाडगेबाबांनी हेच केलं. देवळाबाहेर उभं राहून भाषण दिलं असतं तर लोक घरी गेले असते. त्यांनी कीर्तन केलं, लोकांच्याच बोलीत प्रश्न विचारले, आणि माणसं ऐकत बसली. सेम्बेनही मार्सेयच्या गोदीत हमाली करत फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहू लागला. ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना त्या वाचता येत नाहीत, म्हणून सिनेमाकडे वळला. १९६८ च्या ‘मंदाबी’त पात्रं वोलोफ बोलू लागली. पॅरिसमध्ये शाबासकी मिळवणं एक, आणि आपल्या गावाला समोर बसवून आपल्या गावाचं बोलणं वेगळं.

मी पहिल्या प्रकारातला. पुण्यात मित्रांसोबत उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ पाहून मी तासभर तावातावानं बोललो होतो. केश्याला दत्त दिसतो, अण्णांना गावात दवाखाना हवा असतो, आणि उभं राहतं देऊळ. मग दुकानं, पुढारी, गर्दी. शेवटी मूर्ती उचलून नेतो तो केश्याच, कारण श्रद्धा खरी त्याचीच होती. आमच्यापैकी कुणी उचलली असती तर ती नुसती चोरी झाली असती. हे तेव्हा सुचलं नव्हतं.

त्याच दिवाळीत बाबा म्हणाले, “देवळाच्या जीर्णोद्धाराले तुह्या नावानं पाच हजाराची पावती फाडली.” मला ते पैसे वाचनालयासाठी हवे होते. मी मोबाईल काढला, बाबांना पैसे पाठवले, बरं म्हणालो. याला मी बाबांचा मान राखणं म्हणत आलोय. पण मान राखायचा तर समोरच्याला उत्तर द्यायची संधी तरी द्यावी लागते. मी बाबांना ती दिलीच नाही. ते काय म्हणाले असते हे मी आधीच ठरवून टाकलं होतं, साहेब लोक ठरवायचे तसं. कदाचित ते म्हणाले असते, आधी पाच वर्षं गावात राहून दाखव. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि गप्प बसण्याचं खरं कारण हेच असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओट्यापाशी होती. मागं न वळता म्हणाली, “त्या पोरींचं खरं काय होतं?”

सांगितलं. सरळ शब्दांत. तिनं गॅस बारीक केला, थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “काल काऊन नाई सांगतलं?”

बाबांशी पावतीबद्दल अजून बोललेलो नाही.