गाणं आणि देणं

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या सिपकॉट वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २०२५च्या मे महिन्यात, त्यांच्या कारखान्यात सगळे जमले आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लावलं गेलं. बहुतेक जण गात होते. एक तमिळ सहकारी नुसताच उभा होता. जेवणाच्या सुट्टीत त्याला ऐकावं लागलं, ‘तुला देशाचं काही वाटत नाही का रे?’ वाचक विचारतात, मी मध्ये बोलायला हवं होतं का?

हो, हवं होतं. त्याला हिंदी येत नसेल म्हणूनच नव्हे. येत असती तरीही.

संकटात माणसं गाण्याभोवती जमतात, कारण दुःख एकट्याने सोसवत नाही. पण त्याच वेळी देशप्रेमाची हजेरी घेणारेही पुढे येतात. आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला साथ दिली नाही म्हणून ४ मे १९७६पासून किशोरकुमारांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद झाली. अमेरिकेत मार्च २००३मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, ‘डिक्सी चिक्स’ या कंट्री गायिकांपैकी नॅटली मेन्सने लंडनच्या कार्यक्रमात युद्धाला विरोध केला. राष्ट्राध्यक्ष बुश आपल्याच टेक्सासचे आहेत याची लाज वाटते, असं ती म्हणाली. कंट्री रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी काढून टाकली, लोकांनी सीडी चिरडल्या. तेव्हा कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर असलेलं त्यांचं गाणं व्हिएतनामला गेलेल्या आणि परत न आलेल्या एका कोवळ्या सैनिकाचं होतं. सैनिकांच्या नावाने सैनिकाचंच गाणं बंद पाडलं गेलं! मला ही गोष्ट फार लागते.

आता कारखान्यात वाजलेल्या गाण्याकडे या. १९६२च्या पराभवानंतर कवी प्रदीप यांनी ते लिहिलं, २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत लताबाईंनी पंडित नेहरूंसमोर गायलं. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची. संगीतकार म्हणून त्यांची सुरुवात तमिळ चित्रपटांपासून झाली, हे त्या सहकाऱ्याला सुनावणाऱ्याच्या कानावर घाला.

आणि आणखी एक. प्रदीप यांनी या गाण्याचं मानधन युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला देऊ केलं होतं. त्यापोटी दहा लाख रुपये ध्वनिमुद्रिका कंपनीने भरावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला २००५ साली द्यावा लागला. मधल्या काळात दर २६ जानेवारीला हे गाणं चौकाचौकांत वाजत होतं, आपले डोळे भरून येत होते. ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांच्या हाती काय पडलं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? देशप्रेम तपासायचंच असेल तर जो गातो त्याने आधी आपलं तपासावं, कारण ते शब्द त्याने उच्चारले आहेत. गप्प उभ्या असलेल्या माणसाने कुणालाच वचन दिलेलं नाही.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. तुमच्या कारखान्यात त्याचा निधी गोळा होतो का, एवढं विचारून पाहा. होत नसेल तर सुरू करा, आणि पावती सगळ्यांना दिसेल अशी फलकावर लावा.