डबा बदलायचा आहे

आमच्या घरातला सेटटॉप बॉक्स बदलायला हवा, हे घरात सर्वांना तीन वर्षांपासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बॉक्सला. तो आपला चालत होता. चालत होता म्हणजे आमच्या सोसायटीची लिफ्ट चालते तसा: मधूनमधून, कुरकुरत, आणि पाहुणे आले की हमखास बंद.

हा साधासुधा डबा नव्हे. रेकॉर्डिंगवाला. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईतलं जुनं केबल प्रक्षेपण सरकारी हुकमानं बंद झालं, त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही गच्चीवर छत्री बसवली आणि खाली हा डबा आणला. तेव्हा बोरिवलीत आमच्या विंगमध्ये रेकॉर्डिंगचा डबा घेणारे आम्ही पहिले. अशा बाबतींत पहिला येणारा मनुष्य पुढे सर्वांत शेवटपर्यंत तीच वस्तू वापरत बसतो, हा माझा अनुभव आहे. आमच्या तीर्थरूपांनी १९८७ साली व्हीसीआर घेतला होता, तो अजून माळ्यावर आहे. मुंबईच्या दमट हवेत कॅसेटींना पांढरी बुरशी येई, मग बाबा रविवारी सकाळी स्पिरिटचा बोळा घेऊन हेड पुसत बसत. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी कंपनीनंसुद्धा २०१६ साली उत्पादन बंद केलं. आमचा मात्र 'कधी लागला तर' म्हणून माळ्यावर आहे.

छत्री बसली त्या दिवशी आईनं एकच शंका काढली. "हिचं तोंड दक्षिणेकडे का रे?" मी तिला सांगितलं, की हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर असतात, आणि आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, तेव्हा भारतातल्या यच्चयावत छत्र्या दक्षिणेकडेच बघणार. आई म्हणाली, "आपल्यात दक्षिणेकडे तोंड करून कोणी जेवत नाही. पण बघायला हरकत नसावी." आणि तिनं रिमोट ताब्यात घेतला, तो अखेरपर्यंत सोडला नाही. पावसाळ्यात मोठी सर आली की सिग्नल जाई. त्या लहरी पाण्याच्या थेंबांत विरतात, असं शास्त्र सांगतं. यमाची दिशा आहे, असं आई सांगे. पण सिग्नल गेला तरी रेकॉर्ड केलेलं चाले. त्यामुळे जुलै-ऑगस्टात आमच्याकडे आईचा साठा उघडला जाई.

आई जाऊन दोन वर्षं झाली. आणि गेल्या महिन्यात कंपनीचा निरोप आला, की आपल्याकडील मॉडेलची सेवा आता बंद होत आहे, जुना डबा परत करा, नव्यावर चारशे रुपये सूट मिळेल. योजना महिनाअखेरपर्यंत.

यात नीतीचा प्रश्न कुठे आला, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. मी बँकेत कारकून आहे. चारशे रुपये म्हणजे चारशे रुपये, एवढं नीतिशास्त्र मला पुरतं. पण कंपनीचा मुलगा डबा न्यायला आला आणि मी सहज विचारलं, "यातलं रेकॉर्डिंग नव्यात टाकून द्याल ना?"

तो हसला. बँकेत एखाद्यानं फाटकी नोट शिवून आणली की आम्ही हसतो तसा. "काका, ते दुसऱ्यात जात नाही. कुलूपबंद असतं. याच डब्यात, याच कार्डावर दिसतं. कार्ड बंद, विषय बंद. आणि आता रेकॉर्डिंग कोण बघतं? सगळं मोबाइलवर येतं."

"पुढच्या रविवारी ये," मी म्हटलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला पाठ आहे.

त्या रात्री मी आईचा साठा पहिल्यांदा नीट उघडला. एकशे त्रेचाळीस नोंदी. आणि पहिल्याच पानावर धक्का: कालच्या तारखेची नोंद! आईनं तिच्या लाडक्या मालिकेला 'रोज रेकॉर्ड कर' असं एकदा सांगून ठेवलं होतं. ती गेली, हे डब्याला कोणी कळवलंच नव्हतं. तो बिचारा दोन वर्षं रोज रात्री आठ वाजता इमानानं तिच्यासाठी भाग भरून ठेवत होता, आणि जागा संपली की स्वतःच जुने भाग पुसत होता. मालिकेतली नायिका दरम्यान दोनदा हरवून एकदा सापडली होती.

आता हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदारानं स्वतः काही व्यवहार केला नाही, की आम्ही ते निष्क्रिय ठरवतो. बँक व्याज जमा करत राहते, पण ते व्याज हा खातेदाराचा व्यवहार धरत नाहीत. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण (इथे आमचे वरिष्ठ नेहमी बोट वर करतात) दावेदाराचा हक्क तरीही मरत नाही. तो पंधरा वर्षांनी कागदपत्रं घेऊन आला तरी त्याचे पैसे द्यावे लागतात. माणूस मेला, विसरला, परदेशी गेला, तरी बँकेनं 'आता कोण बघतं' म्हणायचं नसतं.

मग आईच्या खात्याचं काय? मी तिचा नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. काउंटरवर दिवसातून एकदा तरी ती दूर करावी लागते. नॉमिनी हा नुसता विश्वस्त. त्यानं घ्यायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. हे वाक्य मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आलो. स्वतःला ऐकवायची वेळ त्या रात्री साडेअकराला आली.

कारण आईच्या बहुतेक नोंदी आईच्या नव्हत्याच. ती स्वतःसाठी फक्त मालिका ठेवी. बाकीचं 'कोणासाठी तरी' असे. ताईसाठी उकडीच्या मोदकांचा भाग, कारण ताईचे मोदक गेली पंचवीस वर्षं उकडताना तोंड उघडतात. मावशी चिपळूणहून येईल तेव्हा दाखवायचं कीर्तन. आमच्या मुलीसाठी हत्तींवरचा माहितीपट. मुलगी तेव्हा पहिलीत होती, आता बारावीत आहे आणि हत्तीपेक्षा भौतिकशास्त्राला घाबरते. यातल्या प्रत्येक नोंदीवर आईनं 'कीप' दाबून ठेवलं होतं, म्हणजे डब्यानं हे पुसायचं नाही. आणि जवळजवळ सगळ्यांपुढे तो छोटा ठिपका: अजून न पाहिलेलं.

सर्वांत जुनी नोंद माझी निघाली. १६ नोव्हेंबर २०१३.

तो शनिवार. वानखेडेवर सचिनचा दोनशेवा आणि शेवटचा कसोटी सामना. मी त्या वेळी फोर्टच्या शाखेत, म्हणजे मैदानापासून दीड-दोन किलोमीटरवर, अर्ध्या दिवसाच्या शनिवारी पासबुकं भरत होतो. सुट्टी मागितली होती. ती सर्वांनीच मागितली होती. सकाळी निघताना आईला म्हटलं, "मॅच रेकॉर्डिंगला लाव. संध्याकाळी बघतो." संध्याकाळी थकलो होतो. "उद्या बघू," म्हटलं. रविवारी भाजी होती, सासुरवाडी होती. आईनं दोन-तीनदा विचारलं, "अरे, ते बघितलंस का?" मग विचारायचं सोडलं. पण 'कीप' दाबलं.

सचिनचं ते भाषण मी पुढे मोबाइलवर निदान दहा वेळा ऐकलं असेल. मग हे रेकॉर्डिंग गेलं तर माझं नुकसान नेमकं काय, हा प्रश्न मी वाणिज्याचा पदवीधर या नात्यानं सोडवायला घेतला. तुम्ही बँकेत शंभराची नोट ठेवलीत, तर परत शंभर रुपये मागू शकता. तीच नोट मागू शकत नाही. ती केव्हाच दुसऱ्याच्या खिशात गेलेली असते, आणि त्यात कोणाचंही नुकसान नाही. ही झाली ठेव. पण लॉकरमध्ये आजीची नथ ठेवलीत, तर तीच नथ हवी. 'तितक्याच वजनाची दुसरी घ्या' असं बँकेनं म्हटलं, तर तुम्ही पोलिसांत जाल. कंपनीच्या त्या मुलाच्या मते रेकॉर्डिंग ही ठेव. भाषण इथून गेलं, तिथून घ्या. हिशेबानं त्याचं चूक नाही. मला मात्र ती नथ वाटत होती, आणि का वाटते ते सांगता येत नव्हतं. त्यात आईचा आवाज नाही, चेहरा नाही. तिनं फक्त एक बटण दाबलेलं.

अमेरिकेत व्हीसीआर आला तेव्हा तिथल्या चित्रपट कंपन्या सोनीविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. घरी बसून कार्यक्रम उतरवून घेणं ही चोरी आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की नंतर बघण्यासाठी उतरवून ठेवणं हा गुन्हा नाही. माणूस फक्त वेळ पुढे सरकवतो. नऊ न्यायमूर्ती बसले होते, पण नंतर बघायचं ठेवून कधीच न बघणाऱ्याचं काय करायचं, हे एकालाही सुचलं नाही. अमेरिकेत आमच्यासारखी माणसं नसावीत.

शेवटी मी दावेदारांना बोलावलं. ताई रविवारी सकाळी मुलुंडहून आली, मेगाब्लॉक ओलांडून. मी तिला वारसांची ना-हरकत वगैरे समजावू लागलो, तर म्हणाली, "ते तुझ्या बँकेत ठेव. आधी मोदक लाव." मोदक लावले. बाहेर पाऊस कोसळत होता, सिग्नल केव्हाच गेला होता. ताईनं अर्धा तास टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "उकड झाकून ठेवायची असते होय! मेली कधी बोलली नाही." आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मावशी येणं शक्य नव्हतं. तिला फोन लावून स्पीकरवर कीर्तन ऐकवलं. ऐकता ऐकता ती झोपली, असं मावसभावानं कळवलं. कीर्तनाची फेड यथासांग झाली असं मी धरलं. मुलीनं हत्ती पाहिले आणि मोबाइल खाली ठेवला, तोही पाच मिनिटं.

मग माझी पाळी. वेस्ट इंडिज दुसऱ्या डावात कोसळत होती, मधूनमधून वानखेडेचा गजर, जाहिराती, पुन्हा गजर. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास शामीनं शेवटची दांडी उडवली, एक डाव आणि १२६ धावांनी विजय. सचिन स्टंप घेऊन निघाला. मी पुढे सरकून बसलो. आणि पडदा काळा झाला.

"आईनं बंद केलं," ताई म्हणाली. "मॅच संपली ना."

खरंच होतं. मॅच संपल्यावर टीव्ही चालू ठेवणं आमच्या आईच्या तत्त्वात बसत नव्हतं. वीज काय फुकट येते? भाषण त्यात नव्हतंच. आम्ही तिघंही इतके हसलो, की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मुलीनं मोबाइलवर भाषण लावून दिलं. त्या सामन्याला सचिनची आई पहिल्यांदाच मैदानात बसून मुलाचा खेळ बघायला आली होती, हे मी ताईला सांगितलं. "चोवीस वर्षांनी?" ताई म्हणाली. "आणि तुला बारा वर्षांत एक बटण दाबता आलं नाही."

यानंतर डबा द्यायला हरकत नव्हती. सर्वांची देणी फिटली होती. मालिका म्हणजे नुसतं व्याज. पण शेवटची यादी तपासताना एक नोंद उरली. सह्याद्री वाहिनीवरचा शेतीचा कार्यक्रम: सांगोल्याची डाळिंबं. त्यावरही 'कीप'. आमच्या घराण्यात गेल्या तीन पिढ्यांत कोणी कुंडीतला ओवासुद्धा जगवलेला नाही. आईनं हे कोणासाठी ठेवलं?

ताईला आठवलं. आपला जुना वॉचमन सांगोल्याकडचा ना? रात्री आईकडून चहा घेऊन जायचा, गावच्या डाळिंबांचं सांगायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी गेला, तो परत आलाच नाही.

दुपारी कंपनीचा मुलगा आला. नवा डबा लावला, चारशे रुपयांची सूट लिहायला पेन काढलं आणि म्हणाला, "जुना द्या."

"सूट नको," मी म्हटलं. "जुन्याचं कार्डही एवढ्यात बंद करू नका. सर्वांत स्वस्त पॅक ठेवा."

त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "ते बँकेत आहेत." त्याला ते पटलं असावं.

सोसायटीच्या हापिसात जुन्या वॉचमनचा नंबर सापडला नाही. आत्ताचा वॉचमन म्हणतो, त्याच्या एजन्सीतला एक जण त्या बाजूचा आहे, त्याला विचारून बघतो. तोवर दोन्ही डबे टीव्हीखाली एकावर एक आहेत आणि दोन्हींचे पैसे मी भरतो आहे, वर अठरा टक्के जीएसटी.