एक मूत्रपिंड भावासाठी



करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात संत पौल शरीराचा दाखला देतात. कोणत्याही अवयवाचे दुसऱ्यावाचून चालत नाही, असे ते बजावतात. मूत्रपिंडाचे कार्य त्यांना ठाऊक नव्हते. पण त्यांचा दाखला तेथे अधिकच खरा ठरतो. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि जेमतेम दीड लिटर बाहेर टाकतात. एवढेच काम असते तर डायलिसिसच्या यंत्रावर सारे भागले असते. पण हीच मूत्रपिंडे हाडांतील मज्जेला तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप धाडतात, रक्तदाब सांभाळतात, ‘ड’ जीवनसत्त्व हाडांच्या उपयोगी आणतात. म्हणून ती निकामी झालेला माणूस फिकट पडतो, त्याला धाप लागते, हाडे कमकुवत होतात.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे एक मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले. अगदी एकसारखे जुळे, म्हणून रिचर्डच्या शरीराने ते परके मानले नाही. (इतरांचे शरीर अशा पाहुण्याला हाकलू पाहते, त्यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागतात.) निरोगी माणसावर सुरी चालवावी का, हा प्रश्न डॉक्टरांनी धर्मगुरूंनाही विचारला होता. प्रश्न रास्तच होता. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते अवयव कापायचा तो संपूर्ण शरीराच्या भल्यासाठी. रोनाल्डच्या शरीराचे त्यात काय भले? शेजारप्रीती एवढेच उत्तर उरते, आणि मला ते पुरेसे वाटते. रिचर्ड आणखी आठ वर्षे जगला, त्याचे लग्न झाले, तो दोन मुलांचा बाप झाला.

२९ ऑगस्ट २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांपुढे अवयवदानाचा गौरव केला. मात्र अवयवांची विक्री नको आणि संमती मोकळेपणाने दिलेली हवी, असेही सांगितले. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. आईला, पत्नीला आपण खरोखर विचारतो, की गृहीत धरतो?

मरणोत्तर नेत्रदानाविषयी काहीजण विचारतात, “फादर, पुनरुत्थानाच्या दिवशी डोळे नसले तर?” अहो, आगीत जळालेल्या रक्तसाक्ष्यांना जो उठवणार, त्याला तुमचे दोन डोळे जड जातील काय?

दात्याचे कार्ड भरले तरी रुग्णालय जवळच्या नातेवाइकांची संमती मागते. तेव्हा घरी बोलून ठेवा. रात्री जेवायला सगळे एकत्र बसाल तेव्हा.