अक्षरांआधी मध

अमेरिकेतल्या ज्यू बालवाड्यांचं वर्ष ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं आणि मुलं रुळायच्या आतच त्यात खंड पडतो. ज्यूंचं नववर्ष, रोश हशाना, याच सुमारास येतं. त्या दिवशी तिश्री महिना लागतो; त्याच्या दहाव्या दिवशी योम किप्पूर हा उपासाचा दिवस आणि पंधराव्या दिवशी सुक्कोत हा सण. आपल्यासारखाच त्यांच्या पंचांगातही अधिक महिना असल्यामुळे तारखा मागेपुढे होतात. 2013 साली नववर्ष 4 सप्टेंबरच्या संध्याकाळी लागलं, तर 2024 साली 2 ऑक्टोबरच्या. तीन वर्षांचं मूल आईचा हात सोडायला कुठं शिकतंय, तोच शाळेला सुट्टी लागते. मग दरवर्षी शिक्षिकांपुढे तोच पेच उभा राहतो: आधी मुलं रमवायची की सण शिकवायचे?

माझं मत स्पष्ट आहे. आधी मूल. आणि हे मत ज्यू परंपरेलाही धरून आहे.

मध्ययुगात ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्यांमध्ये विद्यारंभाचा एक विधी होता. वर्म्सच्या एलाझार यांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मुलाला वस्त्रात लपेटून गुरुजींकडे नेत आणि त्यांच्या मांडीवर बसवत. पाटीवर हिब्रू मुळाक्षरं असत. त्यांवर मध लावत आणि मूल तो चाटून घेई. मधाचं कौतुक सगळेच करतात, पण मला मांडी महत्त्वाची वाटते. परक्या माणसाच्या मांडीवर मूल विसावलं, तरच मध गोड लागणार.

ताल्मूदमधला ‘बावा बात्रा’ हा ग्रंथ तर वर्ग केवढा असावा हेही सांगतो. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक. याच ग्रंथात शमुएल बार शिलात या शिक्षकाची गोष्ट आहे. ते एकदा आपल्या बागेत उभे दिसले, तेव्हा राव या विद्वानांनी त्यांना विचारलं, की मुलांना वाऱ्यावर सोडलं की काय? ते म्हणाले, तेरा वर्षांत ही बाग पाहिली नव्हती आणि आत्ताही मन मुलांपाशीच आहे. शिक्षकाचं लक्ष कुठं असावं, याचं याहून चांगलं उत्तर माझ्या वाचनात नाही.

म्हणूनच नववर्षाच्या निमित्तानं सप्टेंबरमध्ये भिंतींवर लागणारी एकसारखी कागदी सफरचंदं मला खटकतात. ती मोठ्यांनी कापलेली असतात आणि पालकांनी फोटो काढावेत म्हणून लावलेली असतात. त्यापेक्षा शुक्रवारचं टेबल बघा. शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन शनिवारी पाळल्या जाणाऱ्या विश्रांतीच्या दिवसासाठी, खल्ला नावाचा पाव करायचा असतो. एरवी त्याची वेणी घालतात, नववर्षाला तो गोल करतात. कुणी पीठ तिंबतं, कुणाच्या बोटांना ते चिकटून बसतं, कुणी नुसतंच बघत उभं राहतं. मग त्सदाकाच्या, म्हणजे दानाच्या, डब्यात नाणं पडतं, मेणबत्त्या येतात, द्राक्षाचा रस येतो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा हेच, याच क्रमानं. पहिल्या आठवड्यात दाराशी रडणारं मूल चौथ्या आठवड्यात स्वतःहून डबा आणायला धावतं. शुक्रवार ठरल्यासारखा येतो, तशी आईही दुपारी येते, हा भरवसा त्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही.

वारसा असाच टिकतो, याचं उदाहरण कोकणातच आहे. पोथ्या हाताशी नसतानाही तिथले बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत राहिले, म्हणून तर ते शनवार तेली. रोश हशानाला त्यांच्याकडे ‘नव्याचा सण’ म्हणत आणि त्याच महिन्यात ‘खिरीचा सण’ही येई. पिढ्यान्‌पिढ्या धर्म सांभाळला तो ठरलेल्या वारानं आणि स्वयंपाकघरानं.

तेव्हा वर्षारंभी बालवाड्यांनी घाई करू नये. सुरुवातीचे दिवस थोड्या वेळाचे असावेत आणि लागेल तितके दिवस आईबाबांना वर्गात बसू द्यावं. सणांची माहिती पुढच्या वर्षीही देता येईल. सुट्टीनंतर मूल वर्गात परत येईल, तेव्हा तीच ताई, तोच डबा आणि तोच शुक्रवार त्याला जागेवर सापडला पाहिजे. ज्या शाळेला एवढं साधलं, तिनं त्या मुलाला आपल्या धर्मातलं पहिलं आणि मोलाचं काही दिलं, असं मी मानतो.