विसावा आणि विकतचे माहेर

यात्रेत सुखसोय असावी की नसावी, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी फार पूर्वी विचारला आणि त्याचे उत्तर चक्क हिशेबाच्या भाषेत दिले. तीर्थाला वाहनातून जाणाऱ्याचे निम्मे पुण्य जाते, छत्री आणि पादत्राणे वापरणाऱ्याचे त्याच्या निम्मे, वाटेत व्यापार करणाऱ्याचे चारांतील तीन भाग आणि प्रतिग्रह करणाऱ्याचे, म्हणजे दान स्वीकारणाऱ्याचे, सगळेच, अशा आशयाचे वचन निबंधकारांनी, म्हणजे स्मृतिपुराणांतील वचने विषयवार जमवून त्यांवर निर्णय देणाऱ्या पंडितांनी, आधाराला घेतले आहे. या गणितात समुद्रप्रवास मिळवला की पुण्याच्या खात्यात उरण्यासारखे फारसे काही राहत नाही. कारण बौधायन धर्मसूत्राने समुद्रयानाची गणना पतनीय कर्मांत, म्हणजे माणसाला स्वधर्मातून खाली पाडणाऱ्या कर्मांत, केली आणि पुढे द्विजांचे समुद्रगमन कलिवर्ज्यांतही, म्हणजे पूर्वयुगांत चालले तरी कलियुगात टाळावयाच्या गोष्टींतही, येऊन बसले.

या परंपरेचा वारसा सांगणारे मराठी कुटुंब आज आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्यासह क्रूझवर, म्हणजे कोठे पोहोचण्यापेक्षा राहण्या-खाण्या-रमण्यासाठीच समुद्रावर हिंडणाऱ्या जहाजावर, चढते, तेव्हा धर्माच्या दृष्टीने नेमके काय घडते, हा प्रश्न वरवर वाटतो तितका हलका नाही. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईच्या बंदरातून कॉर्डेलिया कंपनीच्या सफरी गोवा आणि लक्षद्वीप या दिशांना सुरू झाल्या. त्यांतील केबिन म्हणजे जहाजावरील निजण्याच्या खोल्या, बिनखिडकीच्या, समुद्राकडे खिडकी असलेल्या आणि सज्जा असलेल्या अशा चढत्या भाड्याच्या असतात, जेवणाचे टेबल दिवसातून अनेकदा भरलेले असते, त्यात शाकाहारी आणि जैन पदार्थांचीही सोय असते, आणि सकाळी पलंगावरून उठून गेलेला माणूस परत येतो तोवर चादर कोणीतरी ताणून ठेवलेली असते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून ४ जून रोजी न्यू यॉर्कला पोहोचल्या, तेव्हा शाकाहाराचा नियम आगबोटीवर कसा पाळावा हीच एक तपश्चर्या होती. तेथून जैन थाळीपर्यंतचा पल्ला एकशे चाळीस वर्षांच्या आत गाठला गेला आणि त्यावर कोणत्याही धर्मपीठाने निर्णय दिला नाही. समाजाने तो न बोलता दिला. न बोलता दिलेले निर्णय सोयीचे असतात, परंतु त्यांची कारणे कोणी लिहून ठेवत नसल्यामुळे ती नव्याने शोधावी लागतात.

ती शोधण्यासाठी समुद्रापासून फार दूर असलेले, वऱ्हाडातील कौंडण्यपूर हे ठिकाण अधिक उपयोगी आहे. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या पश्चिम काठावर वसलेले हे गाव परंपरेने विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर मानले जाते. जेथून श्रीकृष्णाने तिचे हरण केले, ते अंबिकेचे मंदिर येथेच दाखविले जाते, आणि १९६२ ते १९६४ या काळात मोरेश्वर दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननात सातवाहनकाळाच्याही मागे जाणारी वस्ती आढळली आहे. कथा आणि उत्खनन यांची सांगड घालण्याचा मोह येथे आवरलेला बरा. प्रस्तुत विषयाला महत्त्वाचे इतकेच, की या गावातून निघालेली मुलगी द्वारकेला, म्हणजे समुद्राने वेढलेल्या नगरीत, नांदायला गेली, आणि याच गावातून पंढरपूरला जाणारी पालखी सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये सुरू केली असे परंपरा सांगते.

ही पालखी सुमारे महिनाभर चालते. चालण्याच्या या व्रतात सुख वर्ज्य आहे असे मानणाऱ्याने वारीचा शब्दसंग्रह एकदा तपासावा. रात्रीच्या वस्तीला ‘मुक्काम’ म्हणतात, परंतु दिवसा वाटेत पालखी थोडा वेळ खाली ठेवतात त्या थांब्याला ‘विसावा’ हा शब्द आहे, आणि तो माणसांइतकाच देवालाही लावला जातो. विसाव्याला चहा येतो, फुगड्या होतात, कोणी पाय चेपून घेतो, कोणी झाडाखाली डोळा लावतो. वऱ्हाडातल्या गावी पंगत असेल तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण पानात पडते, आणि ते खाताना कोणाचेही पुण्य निम्मे झाल्याचे ऐकिवात नाही. शास्त्रातील वाहनाच्या वचनाचेही तेच झाले. २०२१ मध्ये साथीमुळे राज्यातील दहा मानाच्या पालख्यांनाच आणि त्याही बसने पंढरपूरला नेण्याची परवानगी मिळाली, त्यांत कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी होती. वारकऱ्यांना चालता न आल्याची हळहळ वाटली, पण पादुकांची निम्मी पुण्याई डिझेलमध्ये जळाली असे कोणी म्हटले नाही.

तेव्हा भक्तिमार्गाने सुख नाकारले नाही. त्याने सुखाचा मालक कोण, हे विचारले. अमरावती जिल्ह्यातीलच शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांतील पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतःसाठी मात्र त्यांनी फुटके गाडगे आणि उघडा माळ राखला. छप्पर हे सुख आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते, म्हणूनच ते ज्यांना मिळत नव्हते त्यांना त्यांनी ते दिले. याच जिल्ह्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू, म्हणजे दृष्टिहीन, संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी ‘मधुराद्वैत’ मांडले, ज्यात अद्वैताच्या, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच आहेत या, अनुभवानंतरही भक्तीची गोडी शिल्लक राहते. एकत्व आल्यावर माधुर्य पुसून जाते, हे त्यांना मान्य नव्हते. देणारा विरक्त आणि गोडीचा उपासक हे दोघेही एकाच मातीतले आहेत, याची वऱ्हाडी माणसाला आठवण करून देण्याची वेळ यावी, हे थोडे विचित्रच.

मात्र या विषयातील सर्वांत समृद्ध आधार रुक्मिणीच्याच कथेत, भागवताच्या दशमस्कंधातील साठाव्या अध्यायात सापडतो, आणि कीर्तनांत स्वयंवराची कथा जितकी रंगते तितका हा अध्याय रंगत नाही. त्यात द्वारकेतील रुक्मिणीच्या महालाच्या आतील दालनाचे वर्णन येते, ते आजच्या कोणत्याही जहाजकंपनीच्या रंगीत पुस्तिकेला लाजवील असे आहे: मोत्यांच्या सरी लोंबणारे छत, रत्नांचे दिवे, भुंग्यांनी घुमणाऱ्या मोगऱ्याच्या माळा, झरोक्यांतून आत आलेले चंद्रकिरण, बाहेर जाणारा अगुरूचा धूर, पारिजाताच्या बागेवरून येणारा वारा आणि दुधाच्या फेसासारखी शुभ्र शय्या. पुराणकाराला भोगाची, म्हणजे इंद्रियांच्या सुखाची, निंदा करावयाची असती तर त्याने इतके मन लावून हे दालन सजवले नसते. या दालनात, सेवेला सखी हजर असताना, रुक्मिणी तिच्या हातातील चवरी स्वतःकडे घेते आणि पतीला वारा घालू लागते. कृष्ण मग तिची थट्टा करतो, की राजांच्या भयाने समुद्राचा आश्रय घेतलेल्या आपल्यासारख्या अकिंचनाला तिने उगाच वरले, अजूनही तिने एखादा योग्य क्षत्रिय पाहावा. हे ऐकून चवरी तिच्या हातून गळते आणि ती मूर्च्छित होऊन पडते. तेव्हा तो पलंगावरून खाली उतरतो, चार हातांनी तिला उचलतो, तिचे सुटलेले केस आवरतो आणि तिचे तोंड पुसतो. सावध झाल्यावर ती समुद्राच्या थट्टेला गंभीर अर्थ देते, की त्रिगुणांना, म्हणजे सृष्टी चालवणाऱ्या सत्त्व, रज आणि तम या तीन शक्तींना, जणू भिऊन आत्मा अंतःकरणरूपी समुद्रात शयन करतो. या दोन बोलण्यांच्या मध्ये कृष्ण आपल्या थट्टेचे कारण सांगतो: घरसंसार करणाऱ्यांना घरात मिळणारा मोठा लाभ हाच, की प्रियेशी हास्यविनोदात काही प्रहर जावेत.

धर्मग्रंथात, तेही भगवंताच्या तोंडी, लहानशा कौटुंबिक सुखाला लाभ म्हटलेले आढळावे, ही गोष्ट ओलांडून जाण्यासारखी नाही. त्याहून महत्त्वाचा त्या प्रसंगातील उलटा फेरा आहे: ज्याला वारा घातला जात होता तो उठून वारा घालणारीचे तोंड पुसतो. सेवा एका दिशेने वाहत राहिली की घेणारा सुस्तावतो आणि देणारा झिजतो. ती फिरली की त्याच शय्येवरचे, त्याच मोगऱ्याचे सुख धर्माच्या कक्षेत येते. वऱ्हाडी घरात हा फेरा वर्षातून एकदोनदाच फिरतो, आणि तो फिरण्याच्या जागेला ‘माहेर’ म्हणतात. माहेरी आलेली लेक चुलीपुढे जात नाही, तिला आधी वाढले जाते, ती उशिरा उठली तर कोणी हाक मारत नाही. संतांनी पंढरीला माहेर म्हटले, ते याच अनुभवाच्या बळावर. आणि ज्या देवीच्या शेजारी उभे राहून त्यांनी ते म्हटले, तिचे स्वतःचे माहेर मात्र वर्धेच्या काठी राहिले.

स्मृतींतही या फेऱ्याची तरतूद आहे. जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला आणि स्त्रीशूद्रांविषयीच्या ज्याच्या वचनांसाठी तो जाळला जाणे समजण्यासारखे होते, त्या मनुस्मृतीनेही भोजनाचा क्रम सांगताना सुवासिनींना, म्हणजे तेथे अभिप्रेत असलेल्या नवविवाहितांना, तसेच कुमारिकांना, आजाऱ्यांना आणि गर्भवतींना अतिथींच्याही आधी जेवू घालावे असे म्हटले आहे, आणि घरधनी व त्याची पत्नी यांनी अतिथींच्या आणि घरातील सेवकांच्या जेवणानंतर उरलेले खावे असा दंडक घातला आहे. व्यवहारात या दंडकातील घरधनी लवकरच गळाला आणि शेवटी जेवणारी एकटी पत्नी उरली. शास्त्राचे अर्धेच वाक्य पाळण्याचे कौशल्य समाजाकडे नेहमीच होते.

या प्रकाशात पाहिले तर कुटुंबाच्या समुद्रसफरीतील सर्वांत धार्मिक घटना जहाजाच्या भोजनगृहात घडते: चाळीस वर्षे सगळ्यांच्या मागून जेवलेली बाई ताट हातात घेऊन रांगेत सर्वांच्या पुढे उभी राहते, दोनदा चहा मागवते, आणि भांडी कोण घासणार याचा विचार तिला करावा लागत नाही. पोहण्याचा तलाव, नाचगाणी, सज्जातून दिसणारा सूर्यास्त ही सुखे तिच्या दृष्टीने बहुधा दुय्यम ठरतात. तिला मिळतो तो विसावा, त्या शब्दाच्या वारीतील अर्थाने. खांद्यावरचे काही काळ खाली ठेवणे. यालाच भोगलालसा म्हणून हिणवणारा टीकाकार बहुधा असा असतो, की ज्याने स्वतःचे ताट कधी उचललेले नसते.

तरीही हे माहेर विकतचे आहे, आणि आक्षेपाचा खरा मुद्दा तेथे आहे. माहेरची सेवा नात्यातून येते. येथे ती भाड्यातून येते, आणि अनेक जहाजांवर दर माणशी दर दिवशी सेवाशुल्क म्हणून बिलातच जमा होते. चादर ताणणारा हात दिसू नये, अशीच व्यवस्थेची खुबी असते. पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी, आचारी आणि वाढपी म्हणून गेलेल्या गोव्याच्या माणसांना कोकणीत ‘तारवटी’ म्हणतात. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरातील ‘कुडां’त, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांत, पेटी ठेवून ते जहाजाची वाट पाहत, आणि एकदा गेले की महिनोन्‌महिने घर पाहत नसत. आजही जहाजावरील करार सहसा अनेक महिन्यांचे असतात आणि कामगारांच्या निजण्याच्या खोल्या खालच्या मजल्यांवर, दाटीच्या असतात. कोणाच्या तरी माहेरासाठी दुसरे कोणीतरी घरापासून तुटलेले असते. धर्मशास्त्राने प्रतिग्रहाने सगळे पुण्य जाते असे म्हटले, त्याचे मूळ कदाचित या जाणिवेत असावे, की परत न फेडलेले घेणे माणसाला आतून रिकामे करते. पैसे दिल्याने ते फिटते असे बाजार मानतो, धर्म मानत नाही.

म्हणून समुद्रसफरीला पाप ठरविणे चुकीचे आहे आणि तिला निर्दोष ठरविणेही घाईचे आहे. सफर संपवून बडनेऱ्याला उतरलेल्या कुटुंबात दुसऱ्या दिवसापासून तीच बाई पुन्हा शेवटी जेवू लागली, तर जहाजावरचे सुख कोरडे भाडे ठरले. पण मुलाने किंवा नवऱ्याने पोळपाट हातात घेतला, तर चवरी परत फिरली असे म्हणता येईल. कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेत दहीहंडी फुटते आणि काला, म्हणजे सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवलेले अन्न, वाटला जातो. कोणाच्या डब्यातले काय कोणाच्या पानात आले, हे तेथे ओळखता येत नाही, आणि काल्याचे भाडे घेतले जात नाही.