भरतीच्या कागदावरचे 'नाही'



आपल्या धर्मग्रामातील बरीच मुले पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावताना दिसतात. कोणी घरी राहून सैन्यभरतीची तयारी करतो, कोणी अकादमीत राहतो. त्यांचे आईबाप गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत घेऊन माझ्याकडे आले. "फादर, लहानपणी याला फिट यायची. आता कितीतरी वर्षांत काही नाही. तपासणीत विचारले तर सांगायलाच हवे का?" कोणाच्या मुलाला दमा होता, कोणाचा कान वाहायचा. आणि प्रत्येकाला कोणीतरी आधीच सल्ला दिलेला असतो, की सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा.

प्रश्न एका घराचा नाही, म्हणून उत्तर इथे सर्वांसाठी देतो. विचारले तर सांगायला हवे. पण ते का, हे समजून घेऊ या. 'खोटे बोलणे पाप आहे' एवढ्या एका वाक्याने, ज्याचे सारे घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसले आहे अशा बापाचे समाधान होत नाही. होऊही नये.

आठवी आज्ञा आपल्याला खोटी साक्ष देऊ नको म्हणते. प्रत्येकाला सगळे सांगत सुट असे म्हणत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. ज्याला जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याला सत्य उघड करण्याचे बंधन आपल्यावर नाही. शेजारीण विचारते, "तुमच्या पोराला काय होत होते हो?" तिला उत्तर द्यायला तुम्ही बांधलेले नाही. तेव्हा प्रश्न असा आहे, की सैन्याच्या डॉक्टरांना तो अधिकार आहे का?

संत थॉमस अक्विनास यांनी सातशे वर्षांपूर्वी विक्रेत्याच्या प्रामाणिकपणावर लिहिले आहे. त्यांचे उदाहरण लंगड्या घोड्याचे आहे; आपण बैलबाजारातला बैल घेऊ. शिंग मोडलेले असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसतेच, ओरडून सांगायची गरज नाही. पण जो दोष दिसत नाही आणि ज्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान होऊ शकते, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे हा अन्याय आहे. थॉमस सत्य बोलणे न्यायाच्या सद्‌गुणाशी जोडतात, ते याचसाठी. सत्य हे समोरच्याचे देणे असते. (लग्न जुळवताना आजार दडवणाऱ्यांनीही हे वाचावे. सहजीवन मुळातून बिघडवू शकेल अशी गोष्ट फसवून लपवली असेल, तर धर्मसभेचा कायदा ते लग्नच ग्राह्य धरत नाही.)

छाती मोजता येते, धाव घड्याळावर लावता येते. पण दहा वर्षांपूर्वी आलेली फिट कोणत्याही यंत्रात दिसत नाही. ती फक्त त्या मुलाला आणि त्याच्या आईला ठाऊक असते. म्हणूनच डॉक्टर विचारतात.

सैन्यभरतीबद्दल पवित्र शास्त्रातही वाचायला मिळते. अनुवाद ग्रंथाच्या २० व्या अध्यायात लढाईपूर्वी अधिकारी लोकांना विचारतात, की कोणी भित्रा आहे का? असेल तर त्याने घरी जावे. आणि कारण काय दिले आहे पाहा. त्याच्यामुळे त्याच्या भावांचेही धैर्य खचू नये! गिदोनाने शास्ते ग्रंथाच्या ७ व्या अध्यायात हेच केले. ३२,००० माणसे जमली होती. भीती वाटते त्यांनी परत जावे म्हणताच २२,००० निघून गेले. त्या २२,००० जणांना देवाने दोष दिला असे शास्त्रात कुठेही नाही. ते खरे बोलले आणि घरी गेले. मला तर वाटते, उरलेल्यांना त्या रात्री अधिक निश्चिंतपणे झोप लागली असेल.

सियाचिनवर १९८४ पासून आपले जवान आहेत. नऊ हजार फुटांच्या वर जायचे तर शरीराला टप्प्याटप्प्याने सवय करून द्यावी लागते, कारण तिथे निरोगी माणसाचाही श्वास अपुरा पडतो. हिमनदीवरून चालताना जवान एकाच दोराला बांधलेले असतात. एक जण भेगेत पडला, तर दोर बाकीच्यांना ओढतो. तिथे दम्याचा झटका आला किंवा फिट आली, तर ती एकाची राहते का? पुढचा-मागचा जवानही कोणाचा तरी मुलगा आहे. त्याने आपला जीव त्या दोराला बांधला, तो दुसऱ्याने भरतीच्या दिवशी दिलेल्या उत्तरावर विसंबून.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका जवानाचे प्रकरण आले. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर फिटच्या आजारामुळे त्याला सैन्यातून काढले होते आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारले होते. न्यायालयाने निकाल जवानाच्या बाजूने दिला. भरतीच्या वेळच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो तेव्हा निरोगी होता असेच धरायचे. पुढचा आजार सेवेमुळे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. किती मोठा विश्वास आहे हा! खऱ्या अर्थाने सेवेत मोडलेल्या गरीब जवानाचा तो आधार आहे. खोटे 'नाही' लिहिणारा सरकारला फसवतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो त्या जवानाच्या ताटातले खातो, कारण अशी प्रकरणे वाढली की खऱ्यालाही संशयाने पाहिले जाते.

शिक्षेचे भय मला घालायचे नाही. तरी माहीत असावे, की १९५० च्या लष्कर कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'नाही' लिहायला सांगणारा त्या वेळी मुलाशेजारी उभा नसतो.

आता दुसरी बाजू. आजार सांगितला म्हणजे मुलगा बाद झालाच, असे नाही. ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. ते आपण घरी बसून ठरवू नये. काही दोष तात्पुरते धरले जातात, काही शस्त्रक्रियेने दूर होतात. बाद ठरवलेल्याला सैनिकी रुग्णालयात तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेण्याची संधी असते. कानातला मळ काढून या, दात स्वच्छ करून या, असे तर भरतीच्या सूचनांतच सांगितलेले असते. तयारी करणे वेगळे आणि लपवणे वेगळे.

आणि जो आधीच लपवून आत गेला आहे? हे वाचून एखाद्या आईचे काळीज धडधडले असेल. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूच्या ओठांवर कधीही येत नाही, तेव्हा निर्भयपणे या. आजार खरोखर गेलेला असेल तर शांतपणे बोलू. पण मुलाला अजून फिट येत असेल आणि तो गाडी चालवत असेल किंवा बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा राहत असेल, तर त्याने आपल्या तुकडीच्या डॉक्टरांना आजच सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी जाऊ शकते, हे मी जाणतो. तरीही.

शेवटी आपल्या सर्वांबद्दल. मुले का लपवतात? नोकरी हवी असते, हे खरे. त्यांना गावाच्या तोंडाचीही भीती असते. बाद होऊन परतलेल्या मुलाकडे आपण कसे पाहतो? चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारतो, "काय निघाले रे तुझ्यात?" मग ती गोष्ट सोयरिकीपर्यंत पोहोचते. गिदोनाकडून परतलेल्या २२,००० जणांना घरी कोणी काय म्हणाले, हे शास्त्र सांगत नाही. आपल्या धर्मग्रामात मात्र अशा मुलाला कोणी खिजवल्याचे माझ्या कानावर यापुढे येऊ नये.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर भरतीला जाणाऱ्या मुलांनी आईवडिलांसह सभागृहात थांबावे. दवाखान्यातील सिस्टर येणार आहेत. जुन्या आजारांचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, शस्त्रक्रियेचे दाखले असतील ते सोबत आणावेत. कागद हरवले असतील तरी या. काय सांगायचे आणि नवी तपासणी कुठे करून घ्यायची, हे त्या समजावून सांगतील.

तुमचा,
धर्मगुरू